पेठ परक्याची, गिऱ्हाईक आपले

औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना वसवला, तेव्हा त्यांच्या लोखंडी नांगराला झगडावे लागत होते ते लोखंडाने जमिनीला विष चढते या शेतकऱ्यांच्या समजुतीशी. अशी समजूत वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या जाहिरातीने जात नाही. तिला सहवास लागतो, ओळख लागते, आणि समोरचा माणूस केवळ आपल्या पैशावर डोळा ठेवून दारी आलेला नाही अशी खूण पटावी लागते. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचे वृत्त गिऱ्हाइकांपर्यंत आणि अडत्यांपर्यंत पोचवणारे ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले, आणि पाहता पाहता त्या पत्रात नांगरांच्या वृत्तापेक्षा कथा, निबंध आणि समाजसुधारणेचे विचार यांनीच अधिक जागा व्यापली. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ आले, आणि मराठी मध्यमवर्गाची एक अख्खी पिढी या तीन मासिकांवर वाढली. यंत्रे विकणाऱ्या एका घराण्याचे नाव माजघरापर्यंत जाऊन बसले ते असे. जयंतराव साळगावकरांच्या ‘कालनिर्णय’नेही १९७३ पासून हेच साधले: तिथी, सण आणि मागच्या पानावरचा वाचनीय मजकूर यांच्या सोबतीने जाहिरातदार वर्षभर घराच्या भिंतीवर राहू लागला, आणि त्याची कोणाला अडचण वाटली नाही.

समाजमाध्यमांवरून मालाचा प्रसार कसा करावा याची आज जी विद्या पैसे घेऊन शिकवली जाते, तिचे मूळ तत्त्व असे आपल्याच भूमीत शंभर वर्षांपूर्वी आचरले गेले आहे. आधी उपयोगी पडावे, मग ओळख व्हावी, आणि ओळखीच्या पोटी व्यवहार व्हावा. मधुरा बाचल यांनी वर्षानुवर्षे यूट्यूबवरून घरोघरच्या सुगरणींना आणि नवशिक्यांना पाककृती दाखवल्या आणि त्यानंतर आपल्या नावाचे मसाले बाजारात आणले, हा क्रम तोच आहे. मात्र ‘खबर’च्या आणि आजच्या काळात एक भेद असा आहे की त्याच्याकडे दुर्लक्ष करणारा व्यावसायिक पुढेमागे अडचणीत आल्यावाचून राहत नाही. ‘खबर’ किर्लोस्करांची होती; वर्गणीदारांची यादी त्यांच्या दप्तरी होती, आणि कोणता मजकूर कोणाकडे जावा हे ठरवणारा तिसरा कोणी मध्ये नव्हता. आजचा विक्रेता ज्या जागेत उभा राहून बोलतो ती जागा त्याची नाही. हा भेद समजून घेण्यासाठी आधी त्या जागेने काय दिले ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे, कारण दिले ते थोडे नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा हापूस पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाटेने मुंबईला गेला ती वाट दलालाच्या गाळ्यावरून जात असे, आणि आजही बरीचशी जाते. बागायतदाराने पेट्या भरून वाशीला पाठवाव्यात, तिथे रुमालाखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरावा, आणि काही दिवसांनी आडत, हमाली, गाडीभाडे वजा जाता उरलेल्या रकमेची पट्टी गावी यावी, असा तो रिवाज. दलाल हंगामापूर्वी उचल देतो, नड भागवतो, जोखीम घेतो, हे खरे. त्याला सरसकट खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. परंतु या साखळीत आंबा खाणाऱ्याला तो कोणाच्या कलमाचा हे कधी कळले नाही, आणि कलम राखणाऱ्याला त्याचा आंबा कोणी खाल्ला हे कधी कळले नाही. २०२० च्या मार्चअखेर, नेमक्या तोडणीच्या तोंडावर टाळेबंदी आली आणि ही वाट रोधली गेली, तेव्हा कित्येक बागायतदारांनी पुण्यामुंबईच्या गृहनिर्माण संस्थांतल्या ओळखीच्या माणसांना व्हॉट्सॲपवर निरोप पाठवले. कृषी पणन मंडळानेही उत्पादक आणि ग्राहक यांची गाठ घालून देण्याच्या कामी साहाय्य केले. आणि फाटकाशी येऊन थांबलेल्या टेम्पोतून पेट्या थेट घरात जाऊ लागल्या. संकट सरल्यावर काही जण जुन्या वाटेला परतले. जे नव्या वाटेवर टिकले त्यांनी काय केले, हे जवळून पाहण्याजोगे आहे.

त्यांतला जाणता बागायतदार आंबा विकायला काढण्याच्या कितीतरी आधी बोलायला सुरुवात करतो. कलमांना मोहोर फुटला की तो त्याचे छायाचित्र स्टेटसला लावतो. अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला, फुलकिड्यांनी कोवळी फळे खरवडली, तर तेही लपवीत नाही. ‘यंदा पहिली तोड उशिरा, पेट्या कमी’ असे स्पष्ट कळवतो, आणि पुढे भाव चढा सांगावा लागला तर गिऱ्हाईक रागावत नाही, कारण त्या भावामागचे कारण त्याने महिन्यापूर्वी डोळ्यांनी पाहिलेले असते. मग तोडणी दाखवली जाते: दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला हाती घेऊन देठासह अलगद उतरवलेले फळ, चिकाचा डाग पडू नये म्हणून घेतलेली काळजी, भाताच्या पेंढ्यात घातलेली अढी. कार्बाइड लावून फळ पिकवण्यास कायद्याने बंदी असली तरी बाजारातल्या पिवळ्याधमक फळाविषयीची शंका शहरी माणसाच्या मनातून गेलेली नाही, आणि पेंढ्याची ती साधी अढी एका छायाचित्रात जे सांगून जाते ते शंभर टक्के नैसर्गिक असल्याच्या छापील ग्वाहीने साधत नाही. पेटी पोचल्यावर ती केव्हा उघडावी, कोणते फळ आधी खावे, सुरकुती पडेपर्यंत का थांबावे, असा निरोप मागोमाग जातो. आणि आंबा चिरल्यावर आत साका निघाला, जो बाहेरून जाणत्यालाही ओळखता येत नाही, तर गिऱ्हाइकाने पाठवलेले छायाचित्र पाहून ‘पुढच्या खेपेत तेवढी फळे जास्त घालतो’ असे उत्तर त्याच संध्याकाळी जाते. या एका उत्तराने जे गिऱ्हाईक बांधले जाते ते पुढच्या वर्षी आपल्या शेजाऱ्याला घेऊन येते.

या सगळ्या व्यवहारात यंत्राचा भाग फार थोडा आहे. व्हॉट्सॲपची व्यावसायिकांसाठीची स्वतंत्र आवृत्ती जानेवारी २०१८ मध्ये आली. तिच्यात मालाची सचित्र यादी ठेवता येते, ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे आपोआप देता येतात. एकाच वेळी अनेकांना पण प्रत्येकाला स्वतंत्रपणे पोचणारा निरोप पाठवण्याची जी सोय सामान्य व्हॉट्सॲपवर आहे, तिच्या एका यादीत २५६ माणसांची मर्यादा असते, आणि ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. ही अट मला मोठी शहाणपणाची वाटते. गिऱ्हाइकाने आपल्याला आधी ओळखीच्या माणसांत जागा दिलेली असली पाहिजे. न दिल्यास आपले बोलणे त्याच्या कानी पडत नाही. २०१६ साली स्वस्त झालेले इंटरनेट आणि त्याच वर्षी सुरू झालेली यूपीआयची देवघेव यांनी या ओळखीला वसुलीची जोड दिली, आणि पूर्वी मनीऑर्डरीवाचून किंवा उधारीवाचून जो दूरचा व्यवहार होत नसे तो आता फोनवरच पुरा होतो.

येवल्यातल्या आणि अन्यत्रच्या साडीविक्रेत्यांनी फेसबुकवरच्या थेट प्रक्षेपणातून जे आरंभले आहे, त्यात तर जुन्या पेढीचा थाट पुन्हा अवतरला आहे. गादीवर बसून विक्रेती एकामागून एक पैठणी उलगडते, ‘ताई, आता पदर उलटा करून दाखवते’ म्हणते, आणि पदरावरचे मोर मागच्या बाजूनेही तसेच नितळ आहेत, तिथे तरंगते धागे नाहीत, हे कॅमेऱ्यासमोर धरते. हातमागाची पैठणी आणि यंत्रावरची नक्कल यांतला भेद ओळखण्याची ही खूण पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना माहीत असे. आता नागपूरची आणि न्यू जर्सीची मराठी बाई एकाच वेळी ती शिकते, आवडलेल्या साडीचा स्क्रीनशॉट पाठवते आणि पैसे भरते. विक्रीच्या निमित्ताने परीक्षा शिकवणारा व्यापारी हा समाजाचा उपकारकर्ता होय, कारण त्याने शिकवलेल्या परीक्षेने उद्या त्याचाच माल पारखला जाणार असतो. याच बाजारात ‘किंमत इनबॉक्समध्ये विचारा’ ही जी प्रथा पडली आहे ती मात्र मला सर्वथा त्याज्य वाटते. चार लोकांसमोर भाव सांगण्यास जो कचरतो तो माणूस पाहून भाव करतो असा संशय गिऱ्हाइकाला आला तर तो अस्थानी म्हणता येणार नाही.

आता त्या जागेविषयी, जी परक्याची आहे. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीस आणायची किंवा नवी पेठ वसवायची झाली तर सरकार कौल देत असे: पहिली काही वर्षे सूट किंवा नाममात्र सारा, मग दरसाल थोडा थोडा चढता, आणि शेवटी पूर्ण आकारणी. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. फेसबुकाने व्यापाऱ्यांना आपल्या पेठेत बोलावले तेव्हा पहिला काळ असाच सवलतीचा होता. दुकानाचे पान उघडावे, लोकांनी ते पसंत करावे, आणि लिहिलेला मजकूर त्यांतल्या पुष्कळांना फुकट दिसावा. पुढे दुकाने वाढली आणि फुकटची दृष्टिभेट आटत गेली. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी आप्तमित्रांच्या मजकुराला अग्रक्रम मिळेल आणि व्यावसायिकांचा मजकूर मागे सरेल असे जाहीरच केले. ज्यांनी वर्षानुवर्षे पसंती जमवल्या होत्या त्यांना आपल्याच चाहत्यांपर्यंत पोचण्यासाठी पैसे मोजणे भाग पडले. मात्र सरकारी कौलाच्या कागदावर कोणत्या साली किती सारा द्यायचा हे लिहिलेले असे. इथे तसा दस्तऐवज कुळाच्या हाती नसतो.

आणि पेठ एका रात्रीत उठूही शकते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपांवर बंदी घातली, तिची कारणे राष्ट्रसुरक्षेची होती आणि त्यांचा इथे विचार कर्तव्य नाही. परंतु खेड्यापाड्यांतल्या ज्या मंडळींनी तिथे लाखोंचा चाहतावर्ग उभा केला होता त्यांचा तो संचय त्या हुकुमासरशी गेला, आणि दुसऱ्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आणलेल्या रीलच्या दालनात त्यांना पहिल्या पायरीपासून चढावे लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी तर बंदी नव्हती की वाद नव्हता. तांत्रिक बिघाडाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही एका धन्याची माध्यमे सुमारे सहा तास बंद पडली. ज्यांच्या मागण्या, गिऱ्हाइकांचे क्रमांक आणि हिशेब सर्वस्वी त्या माध्यमांतच होते त्यांना त्या सहा तासांत आपले गिऱ्हाईक कोण हेदेखील सांगता आले नसते. म्हणून मी प्रत्येक लहान व्यावसायिकाला कळकळीने सांगतो की खतावणी स्वतःकडे ठेवा. नाव, गाव, फोन, काय घेतले, केव्हा घेतले, काय तक्रार होती, एवढे आपल्या वहीत किंवा संगणकावर उतरवून ठेवण्यास रोज पाव तास पुरतो. आणि ती माहिती गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली ठेव आहे, ती दुसऱ्या कोणाला विकायची नाही.

पैसे मोजून केलेल्या जाहिरातीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. तिथे जागेचा लिलाव अखंड चालतो: एखाद्याच्या फोनवर जाहिरातीची जागा रिकामी होताच त्या क्षणी इच्छुकांच्या बोल्या आणि कोणती जाहिरात त्याला रुचण्याचा संभव अधिक याचा अंदाज यांची सांगड घालून गणित निवड करते. गाव, वय, भाषा, आवडीनिवडी यांनुसार प्रेक्षक निवडता येतो, म्हणून देवगडच्या बागायतदाराला केवळ डोंबिवली आणि कोथरूडपुरती जाहिरात अल्प खर्चात करता येते, ही सोय वर्तमानपत्राने त्याला कधी दिली नव्हती. हे गणित माणसांच्या वागण्याच्या नोंदींवर चालते, आणि त्या नोंदींवरचा हक्क कोणाचा हा तंटा अद्याप मिटलेला नाही. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आपल्या फोनांवर अशी नोंद घेण्यापूर्वी मालकाची अनुमती विचारणे सक्तीचे केले, त्यानंतर फेसबुकाच्या मूळ कंपनीने पुढील वर्षासाठी आपल्या नुकसानीचा अंदाज सुमारे १००० कोटी डॉलर सांगितला. दोन महासत्तांच्या अशा झटापटीत ज्यांच्या जाहिराती अचानक निष्फळ होतात त्या लहान दुकानदारांना तर कारणही कळत नाही.

याहून अधिक चिंता मला पैसे देऊन वदवून घेतलेल्या स्तुतीची वाटते. चाहत्यांचा मोठा समुदाय बाळगणारी माणसे एखादे तेल, एखादे हॉटेल, एखादी गुंतवणूक योजना यांची वाखाणणी करतात, आणि ती मैत्रिणीची शिफारस आहे की भाड्याची वाणी आहे हे पाहणाऱ्याला उमगत नाही. जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था असलेल्या ॲड्व्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स काउन्सिल ऑफ इंडियाने मे २०२१ मध्ये नियम केला की मोबदला घेतलेल्या मजकुरावर ती जाहिरात असल्याचे ठळकपणे लिहिलेच पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय प्राधिकरणाला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याचा आणि शिफारस करणाऱ्यालाही शिफारशींपासून काही काळ मज्जाव करण्याचा अधिकार आहे. ऑनलाइन अभिप्राय खोटे असू नयेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. हे सारे स्वागतार्ह आहे, तरी कायद्याचा हात पोचण्यापूर्वी गिऱ्हाइकाची नजर पोचते. अंगणवाडीतल्या ताईपासून महाविद्यालयातल्या मुलापर्यंत आज बहुतेकांना पढवलेली स्तुती आणि मनापासूनचा शब्द यांतला फरक ऐकू येतो.

सार्वजनिक चौकात उभे राहिल्यावर गर्दीचा क्षोभही वाट्याला येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कने आंतरधर्मीय कुटुंबातल्या डोहाळजेवणाचे चित्रण असलेली जाहिरात आणली आणि समाजमाध्यमांवर उसळलेल्या विरोधानंतर काही दिवसांत मागे घेतली. कारण म्हणून आपल्या कर्मचाऱ्यांची आणि भागीदारांची सुरक्षितता पुढे केली. जाहिरातीत आक्षेपार्ह असे मला काही दिसले नाही, तिचा आशय उदात्त होता. पण दुकानातल्या काउंटरमागे उभ्या असलेल्या विक्रेत्याच्या जिवाची काळजी करणाऱ्या मालकाला भ्याड म्हणणेही मला जमत नाही. मोठ्या पेढ्यांना अशा प्रसंगी सल्लागार असतात, वकील असतात. लहान गावातल्या खाणावळवालीला एका संतप्त अभिप्रायापुढे एकटीने उभे राहावे लागते, आणि तेव्हा तिच्या बाजूने बोलायला पुढे येतात ते तिच्या हातचे जेवलेले लोक.

या नव्या पेठेतली माझ्या मते सर्वांत दुखरी गोष्ट वेगळीच आहे. इथे ज्याला बोलता येते, कॅमेऱ्यासमोर हसता येते, ज्याच्याजवळ चांगला फोन आहे, त्याचा माल खपतो. ज्याचा हात कुशल आहे पण जीभ अबोल आहे तो मागे पडतो. उत्तम घोंगडी विणणारा म्हातारा धनगर, वर्षानुवर्षे चोख गूळ करणारा गुऱ्हाळवाला, दिवाळीच्या फराळात जिच्या चकलीला तोड नाही अशी विधवा बाई, यांना रील बनवता यावे ही अपेक्षाच कठोर आहे. हे काम एकेकट्याचे नव्हेच. १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि २०११ साली सुरू झालेले ‘उमेद’ अभियान यांनी राज्यभर बचत गटांचे जाळे विणले आहे, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात त्यांच्या पापड-मसाल्यांच्या आणि हातकामाच्या गाळ्यांवर दरवर्षी झुंबड उडते. पण प्रदर्शन संपते, गिऱ्हाईक घरी जाते, आणि त्याचा फोन क्रमांक बहुधा कोणी लिहून घेतलेला नसतो. प्रत्येक गाळ्यावर एक नोंदवही ठेवली, गिऱ्हाइकाच्या संमतीने क्रमांक लिहून घेतले, आणि तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाने किंवा गटांच्या संघाने एका जाणत्या माणसावर छायाचित्रे काढण्याचे, निरोप लिहिण्याचे, तक्रारींना उत्तरे देण्याचे काम सोपवले, तर दहा गावांतल्या अबोल कारागिरांना एक आवाज मिळेल आणि गिऱ्हाइकांची यादी संघाच्या दप्तरी राहील, उद्या माध्यम कोणतेही येवो. असा प्रयोग एखाद्या संघाने येत्या दिवाळीच्या फराळापासूनच करून पाहावा. भांडवल म्हणून त्याला एक बरा फोन, एक वही आणि नीट मराठी लिहिणारा एखादा तरुण किंवा तरुणी, एवढेच लागेल.